एका खेपेचा परवाना

सोमवार, दिनांक २ जुलै २००७ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कु. ललिता मडावी, राहणार कोसमघाट, तालुका चामोर्शी, यांचं तीन ओळींचं ई-पत्र नागपूरला न पोचता परत आलं. घटना एवढीच आहे. पुढे जे काही झालं ते सगळं नियमानुसार झालं. त्यातल्या प्रत्येक पायरीवर माझी सही आहे, तेव्हा ते सांगण्याचा अधिकारही मलाच पोचतो.

मी देवराव लोनबले. एकतीस वर्षं इमारती लाकडाच्या आगारात लिपिक होतो. सागाचे लठ्ठे मोजायचे, त्यांच्या बुडावर हातोड्यानं शिक्का उमटवायचा, वाहतूक परवाना फाडायचा आणि ट्रक सोडायचा, हे माझं काम. निवृत्त झालो आणि चंद्रपुरात नव्यानंच उघडलेल्या ‘वनग्राम ई-संपर्क कक्षा’त मला मानसेवी कक्षप्रमुख म्हणून घेण्यात आलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “संगणक येतो का?” मी म्हटलं, “नाही साहेब. पण एकतीस वर्षांत माझ्या आगारातून एक काडी विनापरवाना बाहेर गेलेली नाही.” साहेब शेजारच्या सदस्यांकडे वळून म्हणाले, “मला हाच माणूस पाहिजे.”

कक्षाचं काम असं. चंद्रपूर आणि शेजारचा, अशा दोन जिल्ह्यांतल्या त्रेचाळीस वनग्रामांना इंटरनेटवर स्वतःचं नाव द्यायचं, म्हणजे डोमेन, आणि त्या नावाचा ई-पत्ता द्यायचा. त्रेचाळीसपैकी सव्वीस गावांत वीज नव्हती आणि एकोणीस गावांना रस्ता नव्हता. पण वीज आणि रस्ता हे विषय आमच्या कक्षाकडे येत नाहीत. कोसमघाटला कोसमघाट डॉट इन मिळालं. त्यावर ‘आमच्या गावी कसे पोचाल’ असं पान होतं आणि ते रिकामं होतं. ते अचूक होतं, म्हणून मी कधी आक्षेप घेतला नाही.

ही त्रेचाळीस डोमेनं एकाच सर्व्हरवर होती. सर्व्हर म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचं एक काळं खोकं. ते जुन्या स्टेशनरीच्या खोलीत ठेवलेलं होतं. सर्व्हरसाठी एसी मंजूर होता. तो साहेबांच्या खोलीत बसवला आणि सर्व्हरला गार वारं लागावं म्हणून मधल्या भिंतीला भोक पाडलं. साहेब रजेवर असले की सर्व्हर तापायचा. याच सर्व्हरवर चव्वेचाळीसावं डोमेन होतं. ते साहेबांचं. साहेब कविता करतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नागपूरच्या एका संस्थेनं नर्सिंगच्या अभ्यासक्रमात वनग्रामांतल्या मुलींसाठी बारा जागा राखून ठेवल्या होत्या. राहणं, जेवण, शिक्षण सगळं संस्थेकडे. यादी लागली, बारा मुली निवडल्या गेल्या. अट एकच होती. प्रत्येकीनं आपली संमती गावाच्या अधिकृत ई-पत्त्यावरून २० जुलैला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पाठवायची. फुकटच्या पत्त्यावरून आलेली, टपालानं आलेली किंवा तोंडी दिलेली संमती ग्राह्य नाही. मुदतीत न आलेली जागा प्रतीक्षा यादीला जाणार. ही अट आमच्याच कक्षाच्या शिफारशीवरून घातली होती. योजनेचा वापर वाढला पाहिजे ना.

ललिता ही कोसमघाटची पहिली बारावी पास मुलगी. चामोर्शीच्या बाजारातल्या पवनच्या दुकानातून, म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि इंटरनेट जिथं एकाच टेबलावर चालतं तिथून, तिनं संमती पाठवली. ती आमच्या सर्व्हरपर्यंत आली, सर्व्हर ती घेऊन नागपूरला गेला आणि दारातूनच परत आला. सोबत इंग्रजीत कारण लिहून आलं होतं. कारण इंग्रजीत होतं त्याअर्थी ते महत्त्वाचं असणार, म्हणून मी ते वाचायला न घेता फाइलला लावलं. दोन दिवसांत बाराही मुलींची पत्रं तशीच परत आली आणि सर्व्हरवर पडून राहिली.

सर्व्हरची देखभाल सादिक शेखकडे होती. जटपुरा गेटजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि कक्षाचं कंत्राटही त्याचंच. त्यानं ते इंग्रजी वाचलं आणि डोक्यावर हात मारला.

“देवरावभाऊ, आपला सर्व्हर काळ्या यादीत गेला ना!”

“कोणत्या कार्यालयाच्या?”

“साऱ्या दुनियेच्या. चव्वेचाळीस डोमेन हायेत, पन भायेर जायाचा नंबर सगळ्यायचा एकच. एकानं कचरा फेकला का नाव सगळ्यायचं खराब होते. आपल्या इथून रोज आठ हजार पत्रं जाऊन राह्यली भाऊ. लोकं वैतागली.”

“कोणाच्या डोमेनवरून?”

सादिकनं भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं. भोकातून गार वारं येत होतं आणि त्याबरोबर साहेबांचा आवाज. ते फोनवर कोणाला तरी त्या दिवशीची कविता ऐकवत होते:

‘उठा हो सारे, उगवला रवी,
कर्तव्याची ही वाट नवी.’

साहेबांची ‘सुप्रभात’ ही कविता रोज सकाळी आठ हजार पत्त्यांवर जायची. जिल्ह्यातले सगळे अधिकारी, सगळ्या शाळा, नागपूरच्या सगळ्या संस्था आणि ज्यांचा पत्ता कुठे ना कुठे सापडला ते सगळे. साहेब कविता सांगत, मी उतरवून घेई, सादिकनं बसवून दिलेल्या बटणावर मी बोट ठेवी. साडेदहापर्यंत प्रत्येक अधिकारी साहेबांच्या दालनात डोकावून “वा साहेब, आजची काय होती!” असं म्हणून गेलेला असे. ही कार्यालयाची शिस्त होती.

५ तारखेला बैठक झाली. सादिकनं उभं राहून सांगितलं, “सर, आपल्या एका डोमेनवरून रोज आठ हजार पत्रं जातात. ती थांबवली आणि डीएनएसमध्ये एक ओळ टाकली की काम होते. पंधरा मिनिटांचं काम आहे.”

“कोण आहे तो नालायक?” साहेब कडाडले.

कोणी वर पाहिलं नाही. सादिक म्हणाला, “तपास चालू आहे, सर.”

“असतं काय त्या पत्रांत?”

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, “पहाटेबद्दल काहीतरी असतं, साहेब.”

“पहाटेबद्दल मीही लिहितो,” साहेब म्हणाले, “पण मर्यादेत. देवराव, हा प्रकार गंभीर आहे. दोषी सापडेपर्यंत सर्व्हरवरचा सगळा माल जप्त करा. आणि हो, उद्या मी याच विषयावर लिहिणार आहे.” दुसऱ्या दिवशी आठ हजार लोकांना ‘नको कचरा’ ही कविता गेली.

जप्ती म्हटल्यावर मला किती दिवसांनी पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटलं. ६ जुलैला चहावाला आणि झेरॉक्सवाला असे दोन पंच बोलावून मी रीतसर मौका पंचनामा केला. ‘काळ्या रंगाचे लोखंडी खोके एक नग. उंची दीड फूट, गोलाई लागू नाही. आत हिरवा दिवा लुकलुकत असून माल जिवंत असल्याचे दिसते. चतुःसीमा: पूर्वेस साहेबांचे भोक, पश्चिमेस जुने टंकलेखन यंत्र, उत्तरेस माठ, दक्षिणेस भिंत व भिंतीवर पाल एक.’ पडून असलेली एकसष्ट पत्रं विनामालक सापडली, तेव्हा ती बेवारस माल म्हणून ताब्यात घेतली. त्यात बारा मुलींची बारा होती. प्रत्येक पत्राला मुद्देमाल क्रमांक दिला. ललिताचं पत्र क्रमांक चार, रेंगाटोल्याच्या बुधरी पुंगाटी हिचं क्रमांक सात.

जप्त मालावर हातोडा मारावाच लागतो, त्याशिवाय जप्ती पुरी होत नाही. माझा आगारातला हातोडा मी निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून मागून घेतला होता. तो आणला, पंचांना बाजूला सारलं आणि खोक्याच्या वरच्या पत्र्यावर एकच घाव घातला. शिक्का इतका स्वच्छ उमटला की चहावाल्यानं दाद दिली. मग हिरवा दिवा गेला.

सादिक दुकान बंद करून धावत आला. “भाऊ, हे काय करून टाकलं? हे सागाचं लाकूड हाय काय?”

“नियमात लाकूड आणि इतर असा फरक नाही,” मी म्हटलं.

सर्व्हर पुन्हा उभा करायला त्याला सोमवारची दुपार उजाडली. बारा पत्रं शाबूत होती. हातोड्यातूनही माल वाचतो, याचं मला समाधान वाटलं.

बुधवारी, ११ तारखेला, नीलाबाई मडावी लेकीला घेऊन कक्षात आल्या. कोसमघाटहून सहा मैल पायी, मग जीपनं चामोर्शी, मग मूल गावावरून एसटीनं चंद्रपूर. बाईंच्या हातात छत्री, चपला पिशवीत, कारण चिखलात चपला खराब होतात. ललिता मागे उभी, उंच, गप्प. तिच्या हातात यादीचं कात्रण होतं, लॅमिनेशन केलेलं.

“जोहार भाऊ,” नीलाबाई म्हणाल्या. “पोरीचं पत्र तुमी धरून ठेवलं मने?”

“जप्त आहे, बाई. बेवारस सापडलं.”

“बेवारस काऊन? मी तिची माय हाओ. ही पोरगी उभी हाय. पत्रावर नाव हाय.”

“मग सुपूर्तनाम्यावर सही करा. एक जामीनदार लागेल. माल मागितला तेव्हा परत हजर करीन, अशी हमी घ्यायची.”

“पत्र नागपूरले गेल्यावर परत कसं हजर करनार?” ललितानं विचारलं. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

प्रश्न बरोबर होता. पण तो छापील नमुन्यावर नव्हता, म्हणून मी तो घेतला नाही. जामीनदार म्हणून झेरॉक्सवाला उभा राहिला. मूळचा पंच तोच असल्यानं पुढेमागे अडचण येऊ शकते, असा शेरा मारून मी पत्र सोडलं. त्याच आठवड्यात आणखी दहा मुली आपापल्या आईबापाला घेऊन आल्या आणि सही करून गेल्या. बुधरी आली नाही. रेंगाटोल्याचा नाला भरला की ते गाव दसऱ्यापर्यंत पाण्यापल्याड असतं. तिनं नाला भरायच्या आधी, जूनच्या शेवटी बाहेर येऊन पवनच्या दुकानात पत्र लिहून ठेवलं होतं. आता तिला बोलावणंही पोचत नव्हतं. मी तिला तिच्या अधिकृत ई-पत्त्यावर समज पाठवली.

पत्रं सुटली, पण नागपूर घेईना. सादिकनं पुन्हा सांगितलं, “कविता तुमच्यानं बंद होत नाई, समजलं. मंग ते ओळ तरी टाकू द्या ना भाऊ. डीएनएस म्हनजे गावाचं नाव घेतलं का रस्ता सांगनारा मानूस. त्याच्यापाशी लिहून ठेवाचं, का या गावची पत्रं हाच सर्व्हर नेईल, दुसरा कोनी नाई. हे लिहून नसलं का नागपूरवाला म्हनते, चोरीचा माल हाय.”

मी खुर्चीवरून उठलो. “म्हणजे वाहतूक परवाना!”

“तसंच समजा.”

“इतके महिने ही पत्रं विनापरवाना ये-जा करत होती? आणि तुम्ही हे आज सांगता?”

“मार्चपासून तीन अर्ज देले मी.”

ते खरं होतं. तिन्ही अर्ज फाइलला होते. मी परवान्याला तिथल्या तिथं मंजुरी दिली. सादिकला इतका आनंद झाला की त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. चहा यायच्या आत मी मुदतीचा रकाना भरला: सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, एका खेपेपुरता.

“मुदत कशाची?” सादिकचा चेहरा उतरला. “एकदा ओळ टाकली का कायमची राह्यते ती.”

“कायमचा परवाना? सादिकभाऊ, एका परवान्यावर दुसरी खेप मारली तर आम्ही ट्रक जप्त करायचो. अकराला ओळ टाका, पाचला काढा. उद्या पुन्हा नवीन अर्ज.”

“पन भाऊ, डीएनएसमधी केलेली नोंद दुनियाभर पोचायले अठ्ठेचाळीस तास लागतात. तुमचा परवाना सहा तासांचा. नागपूरले दिसायच्या पह्यलेच तो संपून जाते!”

हे मी ‘तांत्रिक अडचण, अवलोकनार्थ’ असं लिहून ठेवलं. मात्र अठ्ठेचाळीस तासांची गोष्ट साऱ्या इमारतीला फार आवडली. ते विज्ञान होतं, त्यावर कोणाला उलट बोलता येत नव्हतं. शुक्रवारपर्यंत खालच्या मजल्यावर दाखल्यांच्या खिडकीत “अठ्ठेचाळीस तास थांबा, नोंद पसरून राह्यली” असं सांगायला सुरुवात झाली होती. पेन्शनवाल्यांना तेच, नळजोडणीवाल्यांना तेच. साहेबांनी तर घरी गॅसच्या टाकीबद्दलही तेच सांगितल्याचं ऐकलं.

१३ तारखेला शुक्रवार होता आणि दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार. मला गावी जायचं होतं, म्हणून मी साडेचारची बस धरली. पाच वाजता ओळ काढायला सांगणारा कोणी नव्हता आणि सादिकही ‘विसरला’. शनिवार-रविवार कार्यालय बंद. साहेब नाहीत, कविता नाही, परवाना जागच्या जागी. सोमवारी सकाळी येऊन पाहतो तर अकरा पत्रं निघून गेलेली, आणि एकही परत नाही. सुट्टीत कक्षानं केलेलं हे सर्वांत मोठं काम. विनापरवाना दोन दिवस वाहतूक झाली म्हणून मी सादिकला नोटीस दिली आणि मनातून सुटलोही. पोरींची पत्रं गेली, हे मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी नीलाबाई लेकीसह पुन्हा हजर. तीच छत्री, तीच पिशवी.

“पोचलं का जी?”

“परत आलं नाही, म्हणजे पोचलं.”

“तिकडून कोनी सांगतलं?”

“सांगायची पद्धत नाही बाई. परत येत नाही ते पोचतं, असं धरून चालायचं.”

नीलाबाईंनी पिशवी उचलली. “आमच्या इथी मानूस जंगलात गेला आन परत आला नाई, तर त्याले पोचला असं म्हनत नाई. त्याले पाहाले जा लागते.” लेकीकडे वळून त्या म्हणाल्या, “चाल वो. नागपूरले जाऊ.”

माझ्याकडे यावर परिपत्रक नव्हतं.

बुधवारी इमारतीत वेगळंच वादळ उठलं. काळ्या यादीतून नाव काढा म्हणून सादिकनं एका मोठ्या मेल कंपनीला लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं की तुमचा सर्व्हर आम्ही आमच्या मनानं वाईट ठरवलेला नाही, तुमचं पत्र पाहून ज्यांनी ‘हा कचरा आहे’ असं बटण दाबलं त्यांच्या तक्रारी सोबत जोडल्या आहेत. तक्रारी दोनशे चौदा होत्या. सादिकनं त्या उघडल्या आणि माझ्यापुढे धरल्या. त्यातले एकशे नव्वद पत्ते आमच्याच इमारतीतले होते.

साहेबांना “काय होती आजची!” म्हणून दालनातून बाहेर पडायचं आणि आपल्या टेबलावर जाऊन ते बटण दाबायचं, असं दीड वर्ष चाललं होतं. लेखा शाखा पूर्ण. दाखल्यांची खिडकी पूर्ण. ‘नको कचरा’ या कवितेला तर सर्वांत जास्त तक्रारी.

दुपारपर्यंत बातमी फुटली. मग एकेक जण सादिकला एकट्यात भेटायला आला. आपलं बोट चुकून लागलं, आपला उंदीर बिघडला होता, आपण गंमत म्हणून, आपण नव्हेच. सादिक म्हणाला, “मी तर साहेबाले दाखवनार नाई. पन ही यादी हाय, तर साहेबाची कविता बंद करा म्हनून कोनी एक जन लिहून द्या. एक सही पायजे. पोरीयचं काम होऊन जाईल.”

दोनशे चौदांतली एक सही मिळाली नाही. त्याऐवजी सर्वानुमते असं ठरलं की ती यादीही बेवारस असून जप्त करावी. मी पंचनामा केला. हातोडा यावेळी कागदावर मारला, खाली फळी ठेवून.

पुढचं मला सादिकनं सांगितलं. गुरुवारी तो नीलाबाई आणि ललिताबरोबर नागपूरला गेला, मुक्काम त्याच्या शमीम मावशीकडे झाला आणि शुक्रवारी, २० तारखेला, दुपारी साडेतीनला ते संस्थेच्या कार्यालयात पोचले. तिथं प्रवेशाचं काम पाहणाऱ्या बाई, कांता मॅडम, प्रतीक्षा यादीतली नावं टाइप करत होत्या.

“वनग्रामांकडून एकही संमती आली नाही,” त्या म्हणाल्या. “वाईट वाटतं हो. संधी देऊनही या मुली पुढे येत नाहीत.”

“मी आली ना,” ललिता म्हणाली.

“प्रत्यक्ष येऊन चालत नाही. ई-पत्रच लागतं.”

सादिक म्हणाला, “मॅडम, स्पॅमचं फोल्डर एकदा पाहा.”

“तो कचरा असतो. आम्ही तो उघडत नाही, आपोआप पुसला जातो.”

नीलाबाई खाली बसल्या होत्या, त्या उठल्या. “बाई, मोह पडते तो कचऱ्यातच पडते. पालापाचोळा बाजूले करून एक एक फूल येचा लागते. आमचा जन्म त्याच्यातच गेला. तुमी उघडा, मी येचतो.”

कांता मॅडमनी फोल्डर उघडलं. अकरा पत्रं तिथं होती, रविवारच्या तारखेची. वर परदेशातली लॉटरी लागल्याचं कळवणारं पत्र, खाली साहेबांची सुप्रभात. मॅडमनीच मे महिन्यात कधीतरी सुप्रभातला वैतागून ते बटण दाबलं होतं. तेव्हापासून यंत्रानं ठरवून टाकलं होतं की या सर्व्हरवरून येतो तो कचरा. ते तसं वाईट यंत्र नव्हतं. ज्यानं जे शिकवलं ते शिकलं.

ललिताचं पत्र बाहेर काढलं. मॅडम म्हणाल्या, “झालं बाई तुझं काम.” ललिता जागची हलली नाही. “बाकीच्यायचे पन काढा,” ती म्हणाली. मग एकेक करून अकराही निघाली. ललितानं आपलं कात्रण टेबलावर ठेवून नावांवर बोट ठेवत मोजलं. “बुधरीचं नाई. यादीत बारा हायेत.”

चार वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला.

“देवरावभाऊ, सात नंबर सोडा. मॅडम थांबून हायेत. आजची ओळ अजून चालू हाय आन नशिबानं इथं दिसूनही राह्यली, आता सोडलं तर पाचच्या आत इथं पडते, मी फोल्डर उघडूनच बसलो.”

“सुपूर्तनामा नाही, सादिकभाऊ. जामीनदार कोण?”

“मी.”

“तुम्ही कंत्राटदार. तुम्हाला राहता येत नाही.”

“झेरॉक्सवाला?”

“तो जेवायला घरी गेला तो आला नाही.”

फोनवर ललिता आली. “भाऊ, तुमी राहा ना जामीन. तुमची सही तर साऱ्या कागदावर हाय.”

माझ्यासमोर कोरा सुपूर्तनामा होता. पेन हातात होतं. खोलीत मी होतो, सर्व्हर होता आणि भिंतीवरची पाल होती. एकतीस वर्षांत एक काडी विनापरवाना गेलेली नव्हती. कार्यालयात मी नेहमी शुद्ध बोलतो, पण त्या वेळी तोंडातून निघून गेलं, “मले नाई जमत पोरी.” पाच वाजता, सादिकनं जाताना दाखवून ठेवलं होतं तसं, मी नियमाप्रमाणे ओळ काढली, खोलीला कुलूप लावलं आणि घरी आलो. वाईट वाटलं. नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

ललिता आता नागपूरला शिकते. बारावी जागा प्रतीक्षा यादीतल्या कोणाला तरी मिळाली. दसऱ्यानंतर नाला उतरला तेव्हा बुधरी बापाला घेऊन सही करायला आली होती. कागदपत्रं पूर्ण होती, जामीनदारही चांगला होता. पण मुदत गेलेल्या पत्राला परवाना देता येत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं विचारलं, “पत्र पाहाले भेटते का?” मी पडद्यावर दाखवलं. ‘मी यायला तयार आहे’ असं त्यात होतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि बापाला वाचून दाखवलं.

राहता राहिला प्रश्न, या सगळ्यात दोषी कोण. तपास अजून चालू आहे. दोनशे चौदांची यादी कपाटात आहे, आणि त्यात शेवटचं नाव माझं आहे, हे मी इथं स्वखुशीनं नमूद करतो. कविता मीच उतरवून घ्यायचो, मीच पाठवायचो, आणि माझ्याच टपालात ती परत आली की मीच ते बटण दाबायचो. तेव्हा वाचकहो, तुम्ही हसलात त्याबद्दल राग नाही. सकाळी साहेबांना वा म्हणून दुपारी ते बटण दाबणारे सगळेच काही चंद्रपुरात राहत नाहीत. फरक एवढाच की बुधरीचं पत्र माझ्याकडे मुद्देमाल क्रमांक सात म्हणून आजही जसंच्या तसं आहे, त्यातलं एक अक्षर हललेलं नाही. तुमच्या त्या फोल्डरातलं दर तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि तेही पंचनाम्याशिवाय.